ताईला आशावादी म्हणू नका

माझी बहीण आशावादी नव्हती.

आज ताईला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर तिचा तो हसरा फोटो फिरतोय. खाली लिहिलंय, "शेवटच्या श्वासापर्यंत पॉझिटिव्ह."

मी तिथे होतो. ती पॉझिटिव्ह नव्हती. तिला बोलू दिलं नाही.

दुसऱ्या ऑपरेशननंतर तिने डॉक्टरांना स्वतःच सगळं विचारून घेतलं. फार दिवस नाहीत, हे तिला कळलं होतं. मग तिने एकच गोष्ट मागितली.

"निखिलला बोलवा."

निखिल तिचा मुलगा. कॅनडात असतो.

भावजी म्हणाले, "त्याला कशाला घाबरवायचं? दिवाळीत येतोच आहे. तोवर तू चालायला लागशील. जरा आशावादी राहा."

"अहो, मी आशावादी झाले म्हणून दिवाळी लवकर येणार आहे का?"

सगळे हसले. पेशंटचा मूड छान आहे, असं ठरलं.

नंतर जो येईल तो तेच. पादरा गावाहून तिची जाऊ आली. पलंगाशी बसून म्हणाली, "वहिनी, निगेटिव्ह बोलायचंच नाही. वास्तू तथास्तु म्हणते."

मुलाला बोलवा म्हणणं हेही निगेटिव्ह.

ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

शेवटी मी निखिलला फोन केला. "लगेच नीघ."

"मामा, बाबा तर म्हणतात खूप इम्प्रूव्हमेंट आहे. तू उगाच टेन्शन देतोस. बाबा म्हणालेच होते, मामा जरा निगेटिव्ह आहे."

मला फार बोलता येत नाही. पुन्हा एवढंच म्हणालो, "नीघ रे."

त्याने तिकीट बदललं नाही. त्याला दोष देत नाही. घरातून रोज त्याला जे सांगितलं, ते त्याने खरं मानलं.

निखिलची स्कूटर ताईच्या घरी, कारेलीबागेत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते. तो गेल्यापासून दर रविवारी ताई ती पुसायची, सुरू करायची, आवारात एक चक्कर मारायची.

शेजारच्या हंसाबेन वरून ओरडायच्या, "अरे बेन, वेची नाखो ने!" विकून टाका म्हणून.

ताई म्हणायची, "तो आल्यावर धक्का मारायला लागू नये."

हॉस्पिटलमधूनही मला विचारायची, "केलीस का रे सुरू?"

आशावादी म्हणजे काय, ते मला एवढंच माहीत आहे. आणि तुम्ही तिला शिकवत होतात.

दसरा झाला. शेवटच्या दिवशी तिने माझा हात धरला. हळूच म्हणाली, "जाते रे."

पलंगाभोवतीचे सगळे एकदम म्हणाले, "जाते नाही, येते म्हणावं!"

तिने डोळे मिटले. नंतर एक शब्द बोलली नाही.

निखिल पोहोचला तो थेट बेसण्याच्या, म्हणजे शोकसभेच्या दिवशी. लोक फोटोला हात जोडत होते. प्रत्येक जण त्याला सांगत होता, "किती आशावादी होत्या तुझ्या आई."

त्याने मला बाजूला घेतलं. "मामा, तिने मला बोलावलं होतं का?"

मी हो म्हणालो.

तो खाली पार्किंगमध्ये गेला. मी मागे गेलो. स्कूटर पहिल्याच बटणाला सुरू झाली.

त्याने ती बंद केली नाही. मीही केली नाही.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. इथे लिहितोय.

ताई, इथे तुला कोणी टोकणार नाही.

जा.