बोल, हवंय काय?

फाटकाची कडी वाजली की आमच्या शेजारच्या काकी दार उघडत नसत, खिडकी उघडत. तीही बोटभर. त्या फटीतून एक डोळा दिसे आणि आवाज येई, "बोल, हवंय काय?"

पोस्टमन असो की देवळाचा प्रसाद घेऊन आलेलं कुणी, प्रश्न तोच. लग्न होऊन मी चौलला आले त्या पहिल्या संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले, तर काकींनी डबा हुंगून पाहिला. "गोड बोल म्हणतेस ते ठीक. पण त्याच्या मागे काय?" मला रागच आला. पुढे कळलं, त्यांची नारळ-सुपारीची वाडी रस्त्याला लागून, आणि बंगल्यासाठी जागा शोधणारे दलाल सारखे कडी वाजवत. काकी म्हणत, "जो आधी मावशी म्हणतो ना गो, तो मागून सातबारा मागतो."

तुमच्याही आळीत असं एखादं माणूस असेल. अशा बाईनं पाखराचं पिल्लू घरात घेतलं म्हटल्यावर तुम्हीही कान टवकारले असते.

झालं असं, की तारांवर आलेल्या फांद्या छाटायला वायरमन आले आणि काकींच्या आंब्याची एक फांदी कावळ्याच्या घरट्यासकट खाली आली. दोन पिल्लं जागीच गेली. तिसरं, अर्धवट पिसांचं, चोच वासून पडलं होतं. काकी डोक्यावर सूप धरून धावल्या. वरून कावळे सुपावर टोचा मारत होते, आणि खाली ही बाई त्यांचं पोर पदरात घेत होती. कावळ्यांनी पुढे एक-दोन दिवस छपरावरून पाळत ठेवली आणि मग नाद सोडला.

घरात कावळा! आळीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे पितर घरात घेतलेत, कुणी म्हणे करणी आहे. माझ्या सासूबाईंनी त्या बाजूच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. मलाही राहवेना. मी दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून डोकावले.

काकी पडवीत टोपलीपुढे बसल्या होत्या. पिल्लानं चोच वासली की विचारत, "बोल, हवंय काय?" आणि उत्तराची वाट न बघता भिजवलेल्या सुकटीचा घास काडीनं आत सारत. प्रश्न तोच होता, पण हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"तुझी मांजर कोंडून ठेव," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "फेरी मारून गेलीय ती. बघून ठेवलंय मी."

मग पिल्लू सुकट थुंकायला लागलं. काकींनी सुकटवालीला फाटकातच धरलं. "शिळी दिलीस मला!"

"काकी, माजी सुकट अख्खा गाव खातंय. तुमच्या कावल्यालाच कशी शिली लागली?"

दिवसभर पिल्लाच्या पोटात काही गेलं नाही. संध्याकाळी त्याची मान लुळी पडली, आणि आमच्या फाटकाची कडी वाजली. काकी आमच्याकडे कधीच येत नसत. मला मोह आवरला नाही. "बोला काकी, हवंय काय?"

त्या हसल्या नाहीत. डोळे लाल झाले होते. "तुझ्या दारची पपई पिकलीय का गो?"

पपई पिल्लानं खाल्ली. मग मी रोज फोड द्यायची आणि काकी ती हुंगून घ्यायच्या.

पुढे पिल्लाच्या काळ्या पंखांवर पांढरे ठिपके उमटले. "कुणीतरी चुना उडवलाय," काकी माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या. मी मात्र चरकले. ही तर कोकिळा! कावळीच्या घरट्यात फसवून वाढलेलं पोर. आणि फसवणूक ही एकच गोष्ट काकींना खपत नव्हती. मोजणीवाला म्हणून शिरलेल्या एका दलालाला त्यांनी शेणपाण्याच्या बादलीनं अंघोळ घातली होती. आता हिला टोपलीसकट बाहेर काढतील या भीतीनं मी गप्प राहिले. पण ते मनाला खात राहिलं. शेवटी एकदा धीर करून सांगितलं.

काकींचा हात थांबला नाही. "पपईच्या दिवशीच कळलं मला. कावळ्याचं पोर सुकटीला नाही म्हणेल होय?"

"मग चुना उडवलाय म्हणालात ते?"

"तू सांगतेस की लपवतेस, ते बघत होते."

मी ओशाळले. तरी विचारलंच, "पण कावळीला फसवलंन ना हिनं?"

काकींनी पुढचा घास भरवला. "दिवसभर हिच्या घशात बघत होती ती. तिला कळलं नसेल? कळलं असणार गो. खायला घातलंन तरी."

त्या क्षणी मला काकी फार आवडल्या. तसं म्हणाले असते तर त्यांनी "त्याच्या मागे काय?" विचारलं असतं, म्हणून म्हणाले नाही.

पाखरू उडालं त्या सकाळी काकी पडवीच्या पायरीवर कितीतरी वेळ बसून होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "मी नसले नि परत आली, तर ओळख विचारत बसू नको. पिकलेलं असलं तर दे."

काकी गेल्या, त्याला वर्ष होऊन गेलं. त्यांची खिडकी बंद असते. दलाल आता माझी कडी वाजवतात. "ताई, ही शेजारची वाडी..." मी खिडकी बोटभर उघडते. "बोला, हवंय काय?"

परवा सासूबाई म्हणाल्या, "पपई उतरव गो, पाखरं टोचतायत." बाहेर येऊन बघते तर ठिपक्याठिपक्यांची एक कोकिळा पिकल्या पपईवर बसलेली. तीच की दुसरी कुठली, कळायला मार्ग नव्हता. हातातली काठी मी भिंतीला टेकवून ठेवली आणि सासूबाईंना सांगितलं, पपई अजून कच्ची आहे.