काचेवरचं पाणी कुणाचं?

आमची सोसायटी मुलुंड पश्चिमेला, अगदी डोंगराच्या पायथ्याशी. जानेवारीत इथे चांगलाच गारठा पडतो. अंधेरीला राहणारी माझी बहीण हे कबूल करत नाही, पण मुक्कामाला आली की दोन पांघरुणं मागते. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे हे प्रकरण पहिल्या तक्रारीपासून माझ्या गळ्यात होतं.

तक्रार नेत्राची. दुसऱ्या मजल्यावर ती, नवरा मिहिर आणि सात महिन्यांची सई. डिसेंबर लागला की त्यांच्या बेडरूमच्या खिडकीची काच सकाळी ओलीचिंब. थेंब ओघळून खाली चौकटीत पाणी साचायचं. कपाटामागच्या भिंतीचा रंग फुगला होता, त्यावर काळे ठिपके आले होते, आणि बाळाला सारखी सर्दी. नेत्राचं ठाम मत होतं की हे वरच्या बाथरूमचं लीकेज आहे.

वर राहायचे बळवंतराव केळुसकर. वय शहात्तर, बायको गेल्यापासून एकटे. त्यांनी दोनदा प्लंबर आणून दाखवला. प्लंबरला काही सापडलं नाही, तरी नेत्राचं समाधान होईना. जिन्यात भेट झाली की ती मान फिरवायची. शेवटी तिने पत्र दिलं की बाथरूमच्या लाद्या फोडून दुरुस्ती झालीच पाहिजे. मी मीटिंग बोलावली.

मीटिंगमध्ये बळवंतराव खाली मान घालून बसले होते. "फोडा," एवढंच म्हणाले. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "एक मिनिट. काहीही फोडायचं नाही."

त्या आमच्याच सोसायटीतल्या इरावतीताई सबनीस. मरोळच्या एका औषध कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. गोळ्या, सिरपं दमट हवेत किती टिकतात हे तपासायला तिथे बंद खोल्या होत्या. त्या खोल्यांमधला दमटपणा मोजणं हे ताईंचं काम. एकदा साहेबांनी सांगितलं, दोन टक्के इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं, ठरलेला आकडा लिहून टाका. ताई म्हणाल्या, "यंत्रात दिसतो तोच लिहीन. दुसरा हवा असेल तर तुमच्या हाताने लिहा आणि सहीपण तुम्हीच करा." त्या वर्षी त्यांचं प्रमोशन हुकलं. ही गोष्ट त्या हसत हसत सांगतात.

त्यांनी नेत्राला विचारलं, "मे महिन्यात भिंत ओली असते?"

"नाही."

"पावसाळ्यात?"

"तेव्हा... एवढी नाही."

"मग बळवंतराव काय फक्त थंडीतच अंघोळ करतात?"

सगळे हसले. नेत्रा मात्र चिडली. "काकू, तुम्हाला मजा वाटते. माझं बाळ आजारी पडतंय."

"म्हणूनच म्हणते, चुकीची लादी फोडून ते बरं होणार नाही. मला चार दिवस दे."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन आधी वर गेल्या. बळवंतरावांना म्हणाल्या, "तीन दिवस हे बाथरूम वापरू नका. माझ्याकडे अंघोळीला या."

म्हातारा जरा घुटमळला. मग म्हणाला, "मी वापरतच नाही. गेले अठरा दिवस स्वयंपाकघरातल्या मोरीत ओल्या पंचाने अंग पुसून घेतो. त्या पोरीला त्रास नको म्हणून."

ताईंनी बाथरूमच्या फरशीवर तळवा टेकून पाहिला. फरशी कोरडी ठणठणीत. "अठरा दिवस," त्या म्हणाल्या, "आणि खाली भिंत आज सकाळीसुद्धा ओली होती." एवढं बोलून तरातरा जिना उतरल्या.

नेत्राकडे त्यांनी भिंतीचा एक तुकडा पुसून कोरडा केला, त्यावर पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल लावली आणि चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद केली. शेजारी दमटपणा मोजायचं तळहाताएवढं घड्याळ ठेवलं. "पाणी भिंतीतून येत असेल तर फॉइलच्या मागे जमेल. हवेतून येत असेल तर खोलीकडच्या बाजूला."

सकाळी मिहिरने मला आणि ताईंना बोलावलं. फॉइलवर खोलीकडून बारीक बारीक थेंब होते. पट्टी सोडवली तर मागची भिंत कोरडी. घड्याळात दमटपणा ब्याऐंशी टक्के.

"आता खोली बघू," ताई म्हणाल्या. बघायला वेळ लागला नाही. पंख्याखाली स्टँडवर बाळाची दुपटी आणि लंगोट वाळत होते. सर्दीसाठी वाफेचं यंत्र रात्रभर चालू. गीझरच्या पाण्याची वाफ बाथरूमच्या उघड्या दारातून आत. गारठा नको म्हणून खिडकी महिनाभर बंद, वर जाड पडदा.

"हवेत पाणी असतं गं. हवा जितकी गार, तितकं कमी मावतं. तुझ्या खोलीतली ऊबदार, ओली हवा गार काचेला लागते आणि पाणी तिथेच सोडते. कपाटामागे तर वाराच फिरत नाही."

वर बळवंतराव अठरा दिवस नुसतं अंग पुसून घेतात, हे मी तेव्हा नेत्राला सांगितलं. ती भिंतीकडे बघत उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "काका अंघोळ करत नव्हते?"

मी होकारार्थी मान हलवली. ती सईला कडेवर घेऊन तशीच वर गेली. बळवंतरावांनी दार उघडताच ती म्हणाली, "काका, चुकलं माझं. सॉरी. तुमच्याकडून काहीच येत नव्हतं."

"मग मी आता बादलीभर पाणी घेऊ ना?" त्यांनी विचारलं. नेत्रा तिथेच रडायला लागली.

पुढचं काम साधं होतं, पण रोज करायचं होतं. दुपटी गॅलरीत उन्हात. अंघोळीच्या वेळी बाथरूमचं दार बंद आणि एक्झॉस्ट फॅन चालू. वाफेचं यंत्र डॉक्टरांना विचारून थोडा वेळच. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. काच सकाळी सुती फडक्याने कोरडी करायची आणि खिडकी दहा मिनिटं सताड उघडायची, बाळ दुसऱ्या खोलीत असताना. मिहिरला हे पटेना. "बाहेर एवढं धुकं असताना?"

"गार असली तरी त्या हवेत पाणी तुझ्या खोलीपेक्षा कमीच आहे. घड्याळ बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

आठवडाभर आकडा सत्तरच्या खाली उतरेना. ताई पुन्हा आल्या, खिडकीपाशी वाकल्या आणि काच सरकते त्या रुळातली पाणी बाहेर जाण्याची बारीक भोकं सुईने मोकळी केली. आत साचलेला काळा गाळ निघाला. "हे पहिल्या दिवशीच बघायला हवं होतं. चूक माझी." पडदाही पातळ लावायला सांगितला. जानेवारीच्या शेवटी आकडा साठच्या आसपास आला. अगदी कडाक्याच्या दोन-तीन सकाळी काचेवर धुरकट थर आला, तो फडक्याच्या एका हाताने गेला. मार्चमध्ये भिंत खरवडून रंगवली. सईची सर्दीही कमी झाली. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेचा उपयोग झाला असेल.

नेत्राचं पत्र मी फाइलमधून काढून तिच्या हातात दिलं. तिने ते माझ्यासमोर फाडलं. हल्ली रविवारी ती कामाला बसली की सई वरच्या मजल्यावर असते. बळवंतराव तिला मांडीवर घेऊन पेपर वाचून दाखवतात, आणि ती पेपर खायला बघते.