वर्णन जुळत नाही

"अहो, वर बघा! वर! चौथा मजला! हात हलवतोय तो मीच!"

मी गॅलरीतून फोनमध्ये ओरडत होतो. माझा आवाज फोनमधून खालच्या रस्त्यापर्यंत जात होता आणि फोनशिवाय उधना स्टेशनापर्यंत. खाली पांढऱ्या जीपला टेकून मुलाचे काका उभे होते. निवृत्त सुभेदार, सगळी नोकरी सरहद्दीवर झालेली. त्यांचा आवाज माझ्याहून मोठा. ते पहिल्यांदा बोलले तेव्हा सुरतच्या आमच्या डिंडोलीतल्या निम्म्या यंत्रमागांवरचे धागे तुटले. खोटं वाटत असेल तर मागवाल्यांना विचारा, तेही नाही म्हणतील, कारण त्यांना मालकाची भीती आहे.

"दिसता आहात तुम्ही, मास्तर," सुभेदार गरजले. "पण वर्णन जुळत नाही!"

"नकाशा पाठवला होता ना फोनवर?"

"नकाशा म्हणतो इथंच. मी नकाशावर उभा आहे. पण फोनवरचा ठिपका कोणीही हलवू शकतो. हत्ती आत येईल असं गेट कुठंय? बाग कुठंय? तळं कुठंय?"

मंडळी माझ्या भाचीला पाहायला धुळ्याहून आली होती. बहीण आणि भाची माझ्याकडेच राहतात, त्यामुळे बोलणी मीच केली होती. आणि मी बोलणी करतो तेव्हा पोटभर करतो. पण एकही शब्द खोटा नव्हता. हत्ती येईल असं गेट? दोन वर्षांपूर्वी टेंपोनं गेट पाडलं, ते पुन्हा बसलंच नाही. आता हत्ती काय, हत्तीची वरात येऊ शकते. बाग? तीन निळ्या पिंपांत तुळशी आहेत आणि एक अशोक आहे, गाईनं खाऊन उरलेला. लिफ्टबद्दल मी 'आहे' म्हटलं होतं, 'चालते' असं कधीच म्हटलं नव्हतं. आणि तळं आमच्या गच्चीतून दिसतं. टाकीच्या कठड्याला धरून जरा बाहेर वाकावं लागतं, इतकंच.

पण ज्याचं आयुष्य सरहद्दीवर गेलं, त्याला शंका घ्यायचा पगार मिळालेला असतो आणि निवृत्तीनंतर त्याचीच पेन्शन चालू राहते. सुभेदारांनी आमच्या इमारतीकडे असं पाहिलं, जणू ती रात्रीतून तारांखालून सरपटत आली आहे. त्यांच्या बायकोनं जीपच्या खिडकीतून डोकं काढलं.

"हाई घर नही शे," तिनं अहिराणीत निकाल दिला. "ह्या घरनं तोंडच खोटं दिसस."

तेवढ्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले आणि जीपभोवती फिरले. त्यांना वाटलं, महानगरपालिकेचे लोक मोजमाप घ्यायला आले. "आ गाडी कोनी छे?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न सुभेदारांना गुप्तहेराचा वाटला. "कोणाची नाही," ते म्हणाले, जीपमध्ये चढले आणि फोनवर मला एवढंच कळवलं: "आम्ही पुढे शोध घेतो."

आणि खरोखर निघून गेले! माझा हात हलतच राहिला.

बहीण आत पाटावर बसली. हे तिसरं स्थळ होतं. भाचीला मात्र काही झालं नाही. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे आणि रिपोर्टमध्ये जेवढं असेल तेवढंच बोलते. तिची अट एकच होती, ती तिनं आधीच सांगून ठेवली होती: मुलाशी थोडा वेळ एकटीनं बोलेन, मग हो की नाही ते सांगेन. बहिणीला धास्ती होती की मुलाकडच्यांना ही अट आगाऊपणाची वाटेल. आता तर मुलाचं तोंडही न बघता स्थळ शेजारच्या गोडादऱ्याच्या दिशेनं धूळ उडवत चाललं होतं.

"तुमच्या जिभेमुळे," माझी बायको म्हणाली. तिला माझ्याबद्दल लग्नापासून बरेच संशय आहेत. त्यातले काही खरे निघाले, पण सगळे नाहीत.

"जिभेमुळे नाही," मी म्हणालो. "अगदी हेच त्या स्पॅनिश कप्तानाचं झालं होतं."

बायकोनं डोळे मिटले. त्या दिवसांत मी एका प्रकाशकासाठी मुलांची पुस्तिका लिहीत होतो. विषय होता स्पेनचा एक सरहद्दीवरचा कप्तान, समुद्रापलीकडच्या वसाहतीत मोहीम घेऊन गेलेला. महिनाभर आमच्या घरात वरणभातासोबत तोच वाढला जात होता. पण बहिणीनं तो अजून पुरता ऐकला नव्हता आणि तिला त्या क्षणी रडण्यापासून थांबवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

तर हा कप्तान घरंदाज, युरोपातल्या लढायांत तरुणपण घालवलेला. त्याला हुकूम झाला: कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यानं उत्तरेला जा, अमुक एक बंदर शोध, तिथं किल्ला बांध. ते बंदर कसं ओळखायचं? दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एक दर्यावर्दी तिथं जाऊन आला होता आणि त्यानं लिहून ठेवलं होतं, बंदर असं की सगळ्या वाऱ्यांपासून आडोसा, काय पाणी, काय लाकूड! माझ्यासारखाच भला माणूस असणार तो. कप्तान निघाला. सोबतचे शिपाई कातड्याचे थरावर थर शिवलेले जाडजूड कोट घातलेले, बाण लागू नये म्हणून. त्या कोटात माणूस बाणानं मरत नसे, उकडून मरत असे. कोणाच्या हिरड्या सुजलेल्या, कोण खाटेवर. चालत चालत एक दिवस ते थेट त्याच बंदरावर पोचले. कप्तान वाळूत उभा राहिला. समोर उघडा समुद्र, लाटा आपटताहेत. तो म्हणाला...

"वर्णन जुळत नाही," भाची आतून म्हणाली. ती कपबश्या पुसत होती.

"अगदी! आणि गेला की पुढे!"

"मग?" बहिणीनं नाक पुसून विचारलं. "कोणीच सांगितलं नाही त्याला? एवढी माणसं होती ना बरोबर?"

हा प्रश्न मलाही पडला होता. मला तर त्या सगळ्या मोहिमेचाच संशय येतो. एवढ्या माणसांत एकालाही कसं वाटलं नाही की साहेब, हेच ते? की वाटलं आणि गिळलं? पुढे भटकताना त्यांना चुकून भलतंच, त्याहून मोठं बंदर सापडलं, त्याचंही कप्तानाला फार कौतुक वाटलं नाही, कारण हुकमात ते नव्हतं. परतताना अन्न संपलं, तर खेचरं मारून खाल्ली. घरी पोचले तेव्हा अंगाला खेचराचा वास येत होता म्हणे.

"आणि आपण इथं पाहुण्यांसाठी दोन किलो लोचो आणून ठेवलाय, खमणाचा तो मऊ गोळा," बायको म्हणाली. "तो आता कोणतं खेचर खाणार ते सांगा."

"थांब जरा. कप्तान पुढच्या वर्षी पुन्हा आला. त्याच जागी उभा राहिला. आणि या वेळी ओळखलं! बंदर तेच, वारा तोच. फक्त आकाश निरभ्र होतं आणि पोट भरलेलं."

"पुढच्या वर्षी?" बहीण पुन्हा रडायला लागली.

पण सुभेदार तासाभरातच परत आले. गोडादऱ्यात त्यांना हत्तीच्या मापाचं गेट, बाग, कारंजं, सगळं असलेली एक इमारत सापडली होती. तिथल्या वॉचमननं आत सोडलं, कोणा भल्या माणसानं चहाही पाजला, आणि चहा संपल्यावर कळलं की त्या घरात लग्नाची मुलगीच नाही. हे मला सुभेदारांनी स्वतः सांगितलं, पण अशा आवाजात, की जणू त्या घरानंच त्यांना फसवलं.

चहा पिऊन आलेला माणूस जरा मऊ असतो. लिफ्टच्या बंद दाराकडे त्यांनी रोखून पाहिलं आणि चार मजले चढले. मागे त्यांची बायको, मुलाचे आईवडील, एक आत्या. मुलगा दिसेना.

"मुलाला गाडीपाशी ठेवलंय," सुभेदार म्हणाले. "हा भाग आपल्या माहितीचा नाही."

"अहो, तो तर सुरतमध्येच राहतो. इच्छापोरला इंजिनियर आहे ना?"

"म्हणूनच ठेवलाय. त्याला माहिती आहे."

यावर भाचीनं लोचोची बशी पुढे केली. सुभेदारांनी चमच्यानं तो एकीकडून दुसरीकडे हलवला. "खमण बिघडलंय का?"

"हा पदार्थच असा असतो."

"असं तुम्ही म्हणता," ते म्हणाले आणि दोनदा मागून घेतला.

मग तळ्याची चौकशी निघाली. मी सगळ्या पलटणीला गच्चीवर नेलं, टाकीशी उभं केलं आणि सुभेदारांच्या कमरेला मागून मिठी मारून त्यांना कठड्याबाहेर वाकवलं. मग ते असे ओरडले की रुळांवरची मालगाडी थबकली.

"दिसलं! हिरवट! डाव्या हाताला!"

मग सगळे एकेक करून वाकले. आत्याला दोन जणांनी धरलं. खाली आलो तेव्हा सुभेदार माझ्या पाठीवर थापा मारत होते. जागा बरोबर आहे, माणसं बरोबर आहेत, मुलगी पसंत आहे, त्यांनी जाहीर केलं. मुलाचे वडील काहीतरी बोलायला लागले, पण तोवर जाहीर होऊन गेलं होतं. बहिणीनं देवापाशी साखर ठेवली. एवढ्या गडबडीत भाची घरात नव्हती हे फक्त बायकोच्या लक्षात आलं, आणि ती कोणाला बोलली नाही.

आम्ही गच्चीवर तळं शोधत असताना भाची पाण्याचा तांब्या घेऊन खाली जीपपाशी गेली होती. तिला हवा तेवढा वेळ मिळाला होता. पाहुणे निघाले तेव्हा ती जिन्यात त्यांना वाट देऊन वर आली. जीप गेली. मी हात जोडून, हात हलवून, गॅलरीतून नव्या सोयरिकीला शुभेच्छा ओरडून आत आलो.

"काय मग?" मी भाचीला म्हणालो. "बोललात?"

"बोललो."

"मुलगा कसा वाटला?"

"चांगला आहे. घर त्याला माहीत होतं. मागच्या रविवारी येऊन रस्त्यावरून बघून गेला होता."

माझ्या हातातला लोचो हातातच राहिला. "मग मघाशी जीपमध्ये बसून तोंड शिवलं होतं का त्यानं? काका वर्णन जुळवत होते तेव्हा? गोडादऱ्यापर्यंत गेले तेव्हा?"

"मी तेच विचारलं. म्हणाला, काका बोलत होते."

बहीण देवापाशी उभी राहून ऐकत होती. "बरं, असू दे. मोठ्यांपुढे बोलत नाही, चांगलंच आहे," ती घाईनं म्हणाली. "तू काय सांगितलंस?"

भाचीनं तांब्या उपडा घातला.

"नाही म्हणून सांगितलं."