जावेची तापस

अंबड तालुक्यातल्या माझ्या सासरच्या गावाला कालवा वळसा घालून जातो. त्याच्या झिरपत्या पाण्याने आमच्या रानाच्या खालच्या अंगाला एक चिबड तयार झाले आहे. तिथे ऊस नाही, कापूस नाही. पुरुषभर उंचीचे पाणकणीस माजले आहे. वारा आला की त्याची पाती एकमेकींवर घासतात आणि कोणी रेशमी लुगडे नेसत असावे असा आवाज येतो. खाली काळा गाळ, आणि कुजत्या मुळांचा गोडसर, जड वास.

या चिबडात तापस असते, असे मला पक्षिमित्रांनी सांगितले होते. तापस म्हणजे बगळ्याच्याच कुळातली, पण बगळ्यासारखी उघड्यावर न येणारी. धोका वाटला की ती पळत नाही. चोच आभाळाकडे रोखून, मान ताणून, पाणकणसातलेच एक पाते होऊन उभी राहते. वारा पाती हलवू लागला की तीही त्यांच्याबरोबर डुलते. जालन्याच्या महाविद्यालयात मी कविता शिकवते. असे नाव आणि असे वागणे असलेला पक्षी माझ्या मनात घर न करता तरच नवल. तीन पावसाळे मी दुर्बीण गळ्यात घालून कालव्याच्या भरावावर उभी राहिले. ती दिसली नाही. न पाहताच मी तिच्यावर एक कविता लिहिली, आणि एका संमेलनात वाचलीही. टाळ्या पडल्या. घरी येताना मात्र, न वाचलेल्या पुस्तकावर व्याख्यान देऊन आल्यासारखे मला ओशाळे वाटत होते.

गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्यांसाठी आम्ही गावी गेलो. मुखवटे बसवून झाले होते. मी सोळा भाज्या निवडत स्वयंपाकघरात बसले होते. तेवढ्यात माझी धाकटी जाऊ गवताचा भारा टाकून आत आली. गावचे घर, दोन म्हशी आणि सासरे तीच सांभाळते. पायाचा चिखल धुता धुता ती म्हणाली,

"आज ती तांबडी पार हाताच्या अंतरावर उभी व्हती, ताई."

"कोण तांबडी?"

"चिबडातली. चोच वर करून उभी ऱ्हाती बघा, येड्यावानी. मला वाटलं पानकणीसच हाय. मंग डोळा हालला." तिने आपल्या हनुवटीखाली दोन बोटे ठेवली. "चोच वर, पन डोळे हितून, खालून बघत्यात. आपल्यालाच."

माझ्या हातातली गवारीची शेंग तशीच राहिली. पुस्तकात नेमके हेच लिहिलेले होते: तापस चोच वर करूनही चोचीखालून समोरचे पाहू शकते. मी ते वाचले होते. हिने ते पाहिले होते; आणि पाहून, भारा बांधून, घरी येऊन पाय धूत होती.

"किती वेळा पाहिलीस?"

"आता काय मोजलंय का? गवताची सराई लागली की रोजच दिसती."

रोज! कच्चे कारले दाताखाली आल्यासारखी त्या शब्दाची चव माझ्या जिभेवर पसरली. तिला त्या पाखराचे साधे नावही ठाऊक नव्हते. मी ते सांगितले नाही. तेवढे तरी माझे माझ्याजवळ राहू दे, असे वाटले.

"उद्या चला की माझ्यासंगं," ती म्हणाली. मी म्हणाले, "बघू." मनात मात्र ठरवून टाकले होते की जाईन तर एकटीच. तिने दाखवलेली तापस मला नको होती.

दुसरा दिवस महानैवेद्याचा. फटफटताच मी कॅमेरा घेऊन निघाले तेव्हा ती चुलीपाशी बसली होती. "जा ताई, पुरन मी वाटते," ती म्हणाली. तिच्या या उदारपणाचाही मला राग आला.

आभाळ दाटले होते. भरावावर दोन तास उभी राहिल्यावर पाणकणसाच्या कडेला काहीतरी तांबूस हलले. गडद तांबडी पाठ, पिवळट चोच, निश्चल उभे राहणे. मी सात-आठ फोटो काढले आणि तिथूनच त्यातला एक पक्षिमित्रांच्या गटावर पाठवला: "लाल तापस. तीन वर्षांच्या प्रतीक्षेनंतर." परतीच्या वाटेवर फोन अभिनंदनाने थरथरत होता आणि मी, सांगायला लाज वाटते, जावेचा चेहरा कसा होईल याची चित्रे रंगवत होते.

पंगत उठल्यावर माझ्या यजमानांनी कौतुकाने तो फोटो सगळ्यांना दाखवला. जावेने पुरणाचे हात पदराला पुसले, फोन जवळ धरला, आणि अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू जावे अशा बेताने म्हणाली,

"ताई, ही ढोकरी हाय."

"पाठ बघ ना तिची."

"पाठच तांबडी हाय. मान फिकी हाय. आपली तांबडी समदी एका रंगाची, इटंवानी. आन् हिच्या पोटाखाली पांढरं दिसून राह्यलं. उडवली व्हती का हिला?"

"नाही."

"उडली असती तं पांढरीफक दिसली असती. ढोकरी बसली की मातीची आन् उडली की दुधाची. ती तांबडी उडली तरी तांबडीच."

विणीच्या काळात ढोकरीची, म्हणजे पाणवठ्यावर नेहमी दिसणाऱ्या त्या छोट्या बगळ्याची, पाठ लालसर होते, पंख मात्र पांढरेच राहतात, हेही मी वाचलेले होते. हव्यासाने डोळ्यांना झापडे बांधली होती. जाऊ हळू बोलली होती, पण सासऱ्यांचे कान तिखट.

"मंग सूनबाई, कॉलेजात ढोकरीला तांबडी म्हन्तेत का काय?" ते म्हणाले, आणि अख्खी ओसरी हसली. जाऊ हसली नाही. ती हसली असती तर बरे झाले असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर गेले. कालव्याच्या भरावावर मी सवयीने थांबले, तर ती खाली उतरत म्हणाली, "तिथं नका उभ्या राहू. उभं माणूस दिसलं की ती दडती." तिने दुर्बीण माझ्या गळ्यातून काढून बाभळीला अडकवली आणि हातात विळा दिला. "बसा. कापा. तिच्याकडं बिलकुल बघू नका. कामातल्या माणसाला ती भेत न्हाई."

मी उकिडवी बसले. गाळ घोट्यांपर्यंत आला, गार आणि मऊ. विळ्याची करकर, तुटल्या गवताचा हिरवा, कडवट वास, मानेवर डास. तीन वर्षे मी तिला वरून शोधत होते. इथे पाणकणसाचे देठच डोळ्यांसमोर होते, एकेक, उभे. बऱ्याच वेळाने जाऊ, मान वर न करता, पुटपुटली, "तुमच्या डाव्या हाताला."

मी विळा चालता ठेवला आणि डोळ्याच्या कडेने पाहिले. एका देठाला गळा होता. विटकरी गळ्यावर खाली उतरणाऱ्या तपकिरी रेघा, वर चोच, आणि चोचीच्या बुडाशी दोन पिवळे डोळे, खालून रोखलेले. वारा आला, पाती झुकली, तीही झुकली. मग ती उठली. पाय लोंबत, पंख विटेच्या रंगाचे, पांढरा ठिपकासुद्धा नाही. पन्नासेक पावलांवर पुन्हा पाणकणसात विरून गेली.

माझे डोळे भरून आले होते. आणि त्याच क्षणी, त्या भरलेल्या डोळ्यांमागून, एक विचार आलाच: हिला हे रोज दिसते.

घरी आल्यावर ओट्यावर बसून मी गटावर लिहिले: "कालचा पक्षी ढोकरी होता. माझी चूक. ती माझ्या जावेने दुरुस्त केली, आणि आज खरी लाल तापसही तिनेच दाखवली." हे शेवटचे वाक्य मी दोनदा खोडले होते. उत्तरे लगेच येऊ लागली. कालच्यापेक्षा जास्त. जाऊबाईंना भेटायचे आहे, पुढच्या रविवारी येऊ का, त्या सोबत येतील का. माझ्याविषयी कोणी काही विचारले नव्हते.

जाऊ म्हशींपुढे भारा सोडत होती. "काय म्हन्तेत तुमचे पाखरावाले?" तिने विचारले.

मी फोन क्षणभर मांडीवर पालथा घातला. मग सांगितले, "तुला भेटायला येणार म्हणतात. आणि ऐक, तिचे नाव तापस आहे."

"तापस," तिने एकदा म्हणून पाहिले, आणि गवत झटकत हसली. "येऊ द्या की. पन म्हणावं, येताना ज्याचा त्यानं विळा आणावा."

मी ते जसेच्या तसे टाइप करून पाठवले. त्यालाही धडाधड अंगठे आले, सगळे तिच्या नावाचे.