मामाने करून घेतलेली तयारी

दोष मामाचा. सरळ नाव घेऊन सांगतो, नंतर भानगड नको. मामा म्हणजे आईचा भाऊ, रिटायर्ड हेडमास्तर. असा एक माणूस घरात असला की किस्से शोधावे लागत नाहीत, आपोआप साचतात. पोरगं बी.कॉम. सोडून घरी बसलेलं असेल तर रोज एक!

वर्ध्याजवळच्या एका निवासी संस्थेत दिव्यांगांसाठी काळजीवाहक हवा होता. जागा एकच. राहणं-जेवण तिथेच, म्हणजे आमच्या तळेगावातून अन् मामापासून सुटका. कॉलेज सोडल्यावर पहिल्यांदाच मला काहीतरी मनापासून हवं होतं.

*

मामाने अंगणात खुर्ची टाकून माझी मुलाखत घेतली.

"ही नोकरी काऊन पायजे?"

"पगार पायजे म्हणून. अन् हे काम मले जमते."

"असं म्हणाचं नसते! सेवेची तळमळ म्हणाची. अन् डोळ्यात पाणी आणाचं."

"कोणाच्या?"

"तुह्या, गाढवा!"

*

शेजारचे सुधाकर काका व्हीलचेअरवर बसून मोबाईल रिपेरिंगचं दुकान चालवतात. मामा मला प्रॅक्टिससाठी थेट तिथे घेऊन गेला. काका स्क्रीन बसवत होते. मामाने ऑर्डर सोडली, "हं, उचल याले!"

काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "सर, मी काय सोयाबीनचं पोतं हाओ का?"

"अरे, पोराले शिकाचं हाय!"

"मंग पोरगं इचारीन ना मले. तुमी काऊन मधात?"

मी विचारलं. काका म्हणाले, "आता गिऱ्हाईक हाय. संध्याकाळी येजो. मास्तराले घरी ठेवजो."

पंधरवडाभर रोज गेलो. जे काही शिकलो ते तिथेच.

*

बाबांनी आयुष्यात स्वतःचं ताट उचललं नाही. त्यांचा आक्षेप वेगळाच!

"मर्दानं लोकाचं ढुंगण धुवाचं?"

मी म्हटलं, "बाबा, उद्या तुमच्यावर वेळ आली त सरपंचाले बोलवाचं का?"

बाबा ताट तसंच टाकून उठले. आई मात्र स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती.

*

मुलाखतीला मामा सोबत आलाच. "मोठं माणूस सोबत असलं की वजन पडते," म्हणे. आर्वीपर्यंत अर्ध्या एसटीला त्याने सांगून टाकलं, "भाचा अपंगाचा डॉक्टर होऊन राह्यला!"

आर्वीच्या स्टँडवर एका म्हातारीने लुगडं वर करून मला गुडघा दाखवला.

*

मुलाखत चांगली चालली होती. संस्थेच्या मॅडमनी विचारलं, "एखाद्याला गिळायचा त्रास असेल तर कसं भरवाल?"

मी म्हणालो, "आधी सरळ बसवीन. लहान घास. पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाई. अन् त्याले काय चालते हे इचारल्याशिवाय तोंडाजवळ काहीच नेणार नाई."

मॅडमनी पेन ठेवला. "कधीपासून येऊ शकाल?"

"आजपासून!"

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. आम्ही दोघं धावलो.

व्हरांड्यात मामा फळवाटप करत होता. त्याच्या एका हातात केळ्यांची पिशवी, दुसऱ्यात सेल्फीसाठी उंच धरलेला मोबाईल. समोर व्हीलचेअरवर एक माणूस, ज्याला सगळं जेवण मऊ कुस्करूनच देतात. मामाने त्याच्या तोंडात अर्धं केळं कोंबलेलं! त्याचा चेहरा लाल झाला होता. सिस्टरने त्याला पुढे वाकवून पाठीत जोरात थापा मारल्या, तेव्हा केळं बाहेर पडलं.

त्याने दम घेतला अन् पहिला शब्द काढला, "फोटो... डिलीट कर बे!"

मॅडमनी विचारलं, "हे गृहस्थ कोणासोबत आलेत?"

मी तोंड उघडायच्या आत मामाने छाती पुढे काढली.

"मी याचा सख्खा मामा, मॅडम! पोराची सगळी तयारी मीच करून घेतली!"

ती नोकरी मला मिळाली नाही.