दस्ती पुढे गेली

मार्चमधल्या एका दुपारी बँकॉकच्या नदीवरची प्रवासी बोट लातूरची एक दस्ती घेऊन निघून गेली. दस्ती म्हणजे रुमाल. तिचे मालक धक्क्यावरच राहिले.

हे मालक म्हणजे माझे शेजारी काका. शिकवणीवर्गांच्या गल्लीत पोरांसाठी मेस चालवतात. लातूरच्या त्र्याण्णवच्या भूकंपापासून ते कुठंही दाराजवळच बसतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. औशाच्या बसमध्ये जागा धरायला ते खिडकीतून दस्ती टाकतात आणि मग निवांत पान लावायला जातात. टाकलेली दस्ती कुणी हलवत नाही, यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे.

काका-काकूंसोबत मीही बँकॉकला आलो होतो. त्या दिवशी देवळं फिरून काकूंचे गुडघे सुजले होते. त्यांना उभं राहवत नव्हतं. बोट लागताच काकांनी लोकांच्या डोक्यांवरून दाराजवळच्या बाकावर दस्ती फेकली. नेम अचूक होता.

"जागा झाली. आता सावकाश चढ," ते काकूंना म्हणाले.

तेवढ्यात बोट सुटली.

"आपल्याकडं डायवर चहा पिऊन येतो," काका माझ्याकडं बघत म्हणाले. "ह्यांना लई घाई हाय."

"पुढच्या बोटीत मलाच फेका," काकू म्हणाल्या.

काका हसले नाहीत. पुढची बोट दिसताच त्यांनी भर गर्दीत काकूंचा हात धरला. लातुरात मी हे कधी पाहिलेलं नाही. दोघं सोबत चढले. एका थाई मुलीनं उठून काकूंना जागा दिली. काका शेजारी उभे राहिले. हात त्यांनी शेवटच्या धक्क्यावर सोडला.