बेडूक गाळलेली पत्रं

एका ख्रिस्ती संस्थेसाठी मी मुलांनी देणगीदारांना लिहिलेली पत्रं इंग्रजीत करायचे. धायरीतल्या एका मुलीच्या शिक्षणाचा खर्च करणारे गृहस्थ एकदा परदेशातून तिला भेटायला आले. निवृत्त बसड्रायव्हर, उंच, उन्हाने लालबुंद झालेले. ‘जेवलात का?’ एवढंच मराठी ते शिकून आले होते आणि दिसेल त्याला विचारत होते. रिक्षावाला ‘नाही’ म्हणाला, तेव्हा मात्र त्यांची पंचाईत झाली.

मुलीने कॉम्प्युटर क्लासमधल्या ताज्या इंग्रजीत त्यांना थेट विचारलं, “बाईंच्या पर्समध्ये मी बेडूक ठेवला, ते वाचून हसलात ना?”

ते गोंधळले. बेडूक मी गाळला होता. खर्च बंद झाला तर, या भीतीने मी दर पत्रात तिला अभ्यासू करून टाकायचे. तसं मी कबूल केलं.

ते म्हणाले, “त्या शहाण्या मुलीला उत्तर लिहिताना मला फार घाम फुटायचा हो.”

मग तिने मराठीत सगळ्या खोड्या सांगितल्या. मी एकही शब्द गाळला नाही. शेवटी चष्म्यावरून बघत पत्रं तपासणाऱ्या माझी तिने नक्कल केली. त्या नकलेला भाषांतर लागलंच नाही.